गुणक १२० की ८०? आमच्या पहिल्या पडताळणीची हकिकत

आमच्या कंपनीचा शाश्वतता अहवाल तीन वर्षं मीच तयार करत होते. वीज, डिझेल, पाणी, कचरा, अपघात, कामाचे तास या सगळ्यांचे आकडे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत दोन्ही प्लांटकडून मेलवर यायचे. मी ते माझ्या एक्सेल शीटमध्ये चढवायचे, वर्षअखेरीला बेरजा करायचे, तक्ते लावायचे आणि अहवाल छपाईला जायचा. चौथ्या वर्षी मोठ्या ग्राहकांनी आणि कर्ज देणाऱ्या बँकेने एकच गोष्ट विचारली: हे आकडे कुणा त्रयस्थाने तपासलेत का? संचालक मंडळाने बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

मला धास्ती वाटली नाही. माझ्या बेरजा बरोबर होत्या आणि प्रत्येक महिन्याचा मेल जपून ठेवलेला होता.

पहिल्या बैठकीला पडताळणीचं तिघांचं पथक आलं. त्यांच्यातल्या ज्येष्ठांना पुढे आम्ही सगळेच सर म्हणू लागलो. त्यांनी मागच्या वर्षीचा अहवाल उघडला, विजेच्या आकड्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

"प्लांटच्या मेलमधून."

"मेलमध्ये कुठून आला?"

"त्यांच्या शीटमधून."

"आणि शीटमध्ये?"

मी प्लांटच्या व्यवस्थापकांकडे पाहिलं, त्यांनी यूटिलिटीच्या, म्हणजे वीज-पाणी सांभाळणाऱ्या विभागाच्या, सुपरवायझरकडे पाहिलं. ते म्हणाले, "रीडिंग घेतो की आम्ही, साहेब." त्यावर लगेच पुढचे प्रश्न आले. कोण घेतं? किती वाजता? सुट्टीच्या दिवशी कोण घेतं? कुठल्या वहीत लिहितं? लिहिण्यात चूक झाली तर आधीचा आकडा वाचता येईल असा खोडतात की नवीन पान करतात? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीन वर्षं मी या आकड्यांचं फक्त शेवटचं टोक हातात धरून बसले होते.

त्याच बैठकीत दुसरा मुद्दा निघाला तो सीमेचा. कंपनीचं उत्सर्जन म्हणायचं तर कंपनी म्हणजे नेमकं काय काय धरायचं? जागतिक संसाधन संस्था आणि उद्योगांची शाश्वत विकास परिषद यांनी मिळून केलेला जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन मोजायची नियमावली, आम्ही वापरत होतो. त्याची पहिली आवृत्ती २००१ ची, सुधारित २००४ ची. त्यात सीमा ठरवायचे मार्ग दिले आहेत: मालकीचा वाटा किती यावर, किंवा ताबा कुणाचा यावर. ताब्यातही पुन्हा आर्थिक ताबा आणि कामकाजाचा ताबा असे दोन प्रकार. आम्ही कामकाजाचा ताबा धरला होता, म्हणजे जिथलं रोजचं काम कसं चालावं हे आम्ही ठरवतो, ते सगळं आमचं. तोपर्यंत ठीक होतं. पण आमच्या मोठ्या प्लांटच्या आवारात एक शेड आम्ही दुसऱ्या एका कंपनीला भाड्याने दिली आहे. तिची वीज आमच्याच मुख्य मीटरमधून जाते. ती आम्ही सबमीटरच्या रीडिंगवरून वजा करायचो. सरांनी वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली. ती रेघ मी तेव्हा पाहिली होती, पण तिचा अर्थ मला दीड महिन्याने लागला.

पडताळणी सुरू होण्याआधी त्यांनी आमच्याकडून एक टिपण मागितलं: प्रत्येक आकडा कसा काढला, कुठलं एकक, कुठला गुणांक (एका लिटरमागे किंवा युनिटामागे किती उत्सर्जन धरायचं तो आकडा), तो कुठून घेतला, कुठे अंदाज केला, कुठे मोजमाप केलं. मला वाटलं चार पानांचं काम आहे. लिहायला सहा आठवडे लागले आणि पानं ३० च्या वर गेली. हे टिपण लिहिणं हाच माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग होता आणि जी कंपनी पहिल्यांदा या वाटेला जाते आहे, तिला मी हेच आधी करायला सांगेन. लिहायला बसलं की लपलेलं सगळं वर येतं. एक प्लांट डिझेल खरेदीच्या बिलावरून धरत होता, दुसरा जनरेटरच्या लॉगबुकवरून. एक कचरा वजनकाट्यावर मोजत होता, दुसरा ट्रॉल्या मोजून प्रत्येक ट्रॉलीला ठरावीक वजन लावत होता. विजेचं बिल १८ तारखेपासून पुढच्या १७ पर्यंतचं, उत्पादनाचा महिना मात्र १ ते ३०. हे सगळे आकडे मी तीन वर्षं एकाच रकान्यात बेरीज करत होते.

डिझेलचं उत्तर सोपं होतं. सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा. टाकीत डिपस्टिक टाकून घेतलेली मापं स्टोअरच्या रजिस्टरमध्ये होतीच, फक्त ती कुणी मागितली नव्हती. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे लिटर नीट कळले की पुढचं गणित सरळ असतं.

थंड करणाऱ्या वायूंचं तसं नव्हतं. आमच्या अहवालात त्या रकान्यात तीन वर्षं शून्य होतं. मला वाटायचं, एसी आणि चिलरमधला वायू बंद नळ्यांत फिरतो, बाहेर कुठे जातो? पथकातल्या तरुण मॅडमनी देखभाल विभागाची सर्व्हिस रिपोर्टांची फाइल मागितली आणि दुपारभर ती पानं उलटत बसल्या. प्रत्येक रिपोर्टवर मेकॅनिकने हाताने लिहिलेलं होतं: वायू कमी होता, आर-४१०ए भरला, दोन किलो, तीन किलो. वर्षभराची बेरीज १२ किलो निघाली. यंत्रात नव्याने जितका भरावा लागला, साधारण तितका हवेत गेलेला असतो. या वायूची तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट आहे. म्हणजे १२ किलोचे झाले २४ टन. हिशेब करून पाहिला तर तेवढ्यासाठी जवळजवळ नऊ हजार लिटर डिझेल जाळावं लागेल. आमचा छोटा प्लांट वर्षभरात तेवढं डिझेल जाळत नाही. अहवालात छापलेलं ते शून्य कुणी लबाडीने टाकलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला काय फरक पडतो? आम्ही त्याला सांगितलं होतं, की हे घडत नाही.

तिथे अजून एक गोष्ट शिकले. जुन्या दोन यंत्रांत आर-२२ होता. तो ओझोनच्या थराला इजा करणाऱ्या वायूंमध्ये मोडतो आणि मॉन्ट्रियल कराराखाली येतो, म्हणून तो स्कोप १ च्या, म्हणजे आमच्या ताब्यातल्या यंत्रांतून थेट होणाऱ्या उत्सर्जनाच्या, बेरजेत धरायचा नसतो, वेगळा दाखवायचा असतो. तो न दाखवणंही चूक आणि बेरजेत मिसळणंही चूक.

मग मोठ्या प्लांटची भेट आली. पथक दोन दिवस मुक्कामी होतं. मला वाटलं होतं, ते माझी शीट घेऊन तिच्यातले काही आकडे निवडतील आणि मूळ कागद मागतील. ते त्यांनी केलंच. पण उलटही केलं, आणि त्याची मी कल्पनाच केली नव्हती. यूटिलिटीच्या टेबलावरची वही उचलली, मधलंच कुठलं तरी पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा आकडा तुमच्या अहवालात कुठे आहे ते दाखवा." अहवालाकडून वहीकडे गेलं तर नसलेलं काही घातलंय का ते कळतं. वहीकडून अहवालाकडे आलं तर असलेलं काही गाळलंय का ते कळतं. डिझेलवर चालणारा आग विझवण्याचा पंप असाच सापडला. दर आठवड्याला तो अर्धा तास चालवून पाहतात, वहीत नोंद असते आणि माझ्या शीटमध्ये तो कधीच नव्हता.

पाण्याच्या बाबतीत एका महिन्यात आम्ही घेतलेल्या पाण्यापेक्षा सोडलेलं पाणी जास्त भरत होतं. म्हणजे कारखान्याने पाणी वापरण्याऐवजी निर्माण केलं, असा अर्थ निघत होता. कारण पावसाळ्यात आवारातल्या एका गटाराचं पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत शिरत होतं आणि बाहेर पडताना मीटरवर मोजलं जात होतं. गटार वळवलं, टिपणात एक परिच्छेद लिहिला आणि तो विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी लेखा विभागाकडे जाऊन भाडेकरू कंपनीला पाठवलेल्या वीजवसुलीच्या डेबिट नोट मागितल्या. शाश्वततेच्या पडताळणीत डेबिट नोटांचं काय काम, असं आमच्या लेखापालांनाही वाटलं. सरांनी एका महिन्याची नोट माझ्या शीटशेजारी ठेवली. लेखा विभागाने त्या महिन्यात भाडेकरूकडून ४०,८०० युनिटांचे पैसे घेतले होते. मी त्याच महिन्यात आमच्या एकूण विजेतून ६१,२०० युनिट वजा केले होते.

माझ्या पोटात गोळा आला. सर काहीच बोलले नाहीत. "चला, मीटर पाहू," एवढंच म्हणाले.

सबस्टेशनच्या मागच्या बाजूला ते पॅनेल आहे. यूटिलिटीचे काका, जे गेली कित्येक वर्षं रोज सकाळी सात वाजता तिथलं रीडिंग घेतात, ते बरोबर आले. मीटरवर दिसतो तो आकडा थेट युनिट नसतो. मोठा प्रवाह मीटरला पेलवत नाही, म्हणून मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी) बसवतात. तो प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देतो. ६०० ला ५ चा सीटी असेल तर मीटरवरच्या आकड्याला १२० ने गुणायचं, ४०० ला ५ चा असेल तर ८० ने. काकांनी सांगितलं, भाडेकरूची दोन मोठी यंत्रं काढून नेल्यावर भार कमी झाला, म्हणून वर्षाच्या तिसऱ्या महिन्याअखेर इलेक्ट्रिकल विभागाने सीटी बदलला. त्यांनी टॉर्च मारला. धुळीने माखलेल्या पट्टीवर कोरलेलं होतं: ४००/५. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या जुन्या स्टिकरवर मात्र मार्करने लिहिलेलं होतं: गुणक १२०.

त्या महिन्यात मीटरवरचा फरक ५१० होता. ५१० गुणिले ८० म्हणजे ४०,८००. ५१० गुणिले १२० म्हणजे ६१,२००. सीटी बदलल्याचं लेखा विभागाला लगेच कळलं, कारण भाडेकरूने बिलाबद्दल तक्रार केली असती. मला कुणी कळवलं नाही, कारण माझ्या आकड्यामुळे कुणाच्या खिशाला चाट बसत नव्हती. हे वाक्य मी रागाने लिहीत नाही. इलेक्ट्रिकल विभागाने बदलाची नोंद त्यांच्या लॉगबुकात तारखेसकट केलेली होती. ती वाचायला मी कधी गेले नव्हते.

काका मात्र फार अस्वस्थ झाले. "ताई, रीडिंग मी एक दिवस चुकवलं नाही हो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचं रीडिंग शेवटच्या अंकापर्यंत बरोबर होतं. मी सरांसमोरच त्यांना तसं सांगितलं आणि सरांनीही मान डोलावली.

आता त्याचा अर्थ काय झाला ते सांगते. नऊ महिने, दर महिन्याला सुमारे २० हजार युनिट, म्हणजे एकूण जवळपास १.८ लाख युनिट आम्ही स्वतःच्या खात्यातून चुकीने बाहेर काढले होते. आदल्या वर्षीची आमची वीज ५० लाख युनिट, या वर्षीची माझ्या शीटप्रमाणे ४८ लाख. चार टक्के घट. अहवालाच्या मसुद्यात ती पहिल्याच पानावर होती. प्लांटच्या ऊर्जाबचत गटाचा त्यासाठी सत्कार झाला होता. खरा आकडा निघाला ४९.८ लाख. घट उरली जेमतेम २० हजार युनिटांची.

त्यानंतरची बैठक मी विसरणार नाही. पडताळणीत एक मर्यादा आधी ठरवलेली असते. तिच्यापलीकडची चूक वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकते असं मानतात. आमच्या कामात ती पाच टक्के ठरली होती. १.८ लाख म्हणजे एकूण विजेच्या चार टक्क्यांच्या आतच. आमच्यातल्या एका वरिष्ठांनी मांडलं, की चूक मर्यादेच्या आत आहे, मसुदा तयार आहे, पुढच्या वर्षीपासून नीट करू. त्यांची अडचण मला समजत होती. सत्कार झालेल्या माणसांना काय सांगायचं, हा प्रश्न खरा होता.

सरांनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. पाच टक्के ही चुकायची परवानगी नाही. ती सापडलेल्या नाही, नजरेतून निसटलेल्या चुकांचा विचार करून ठेवलेली असते. समोर आलेली चूक दुरुस्त करता येत असताना न करणं वेगळं. आणि दुसरं, एकूण विजेच्या मानाने चूक लहान असेल, पण तुमचा दावा एकूण विजेचा नाही, घटीचा आहे. दोन लाखांच्या घटीत १.८ लाख चुकीचे असतील तर तो दावा उरतच नाही.

मी त्यांना विचारलं, "मग आम्ही कुठला आकडा लिहू, तुम्हीच सांगा." ते म्हणाले, "आकडा तुमचा आहे. मी सांगितला तर उद्या मी माझंच काम तपासत बसेन." तोपर्यंत मला हा नियम कोरडा वाटायचा, की पडताळणी करणाऱ्याने अहवाल तयार करायला हातभार लावायचा नाही. त्या दिवशी त्याचा खरा उपयोग दिसला. आकडा आम्हालाच मोजावा लागला, आम्हालाच लिहावा लागला आणि सही आमच्याच वरिष्ठांना करावी लागली.

आम्ही तो बदलला. पहिल्या पानावरची घट काढली. ऊर्जाबचत गटाला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी बसवलेल्या कॉम्प्रेसरची बचत खरी होती, त्याच्या स्वतंत्र मीटरवर ती दिसत होती. मात्र त्याच वर्षी एक नवी भट्टी सुरू झाली होती आणि ती बचत तिच्या वापरात जिरली होती. हे त्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी भट्टीकडे लक्ष दिलं असतं. चुकीच्या आकड्याने आमचं जे खरं नुकसान केलं ते हेच. जिथे काम करायला हवं होतं तिथून सगळ्यांची नजर हटली.

भाडेकरूची वीजही आता हिशेबातून गायब होत नाही. शेड आमच्या मालकीची आहे, म्हणून ती स्कोप ३ च्या, म्हणजे आमच्या ताब्याबाहेरच्या पण आमच्याशी जोडलेल्या उत्सर्जनाच्या, तेराव्या प्रकारात, भाड्याने दिलेल्या मालमत्तेखाली येते. म्हणजे सीमेबाहेर टाकलेलं उत्सर्जनही कुठे तरी लिहावं लागतंच.

सुरक्षिततेच्या आकड्यांबद्दल लिहिणं मला सर्वांत जड जातं. काम थांबवणाऱ्या अपघातांचा दर काढताना अपघातांची संख्या दहा लाखांनी गुणून कामाच्या एकूण तासांनी भागतात. काही कंपन्या दहा लाखांऐवजी दोन लाख घेतात. १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षात ५० आठवडे, असा तो आकडा येतो. दोन्ही चालतात, फक्त कुठला घेतला ते लिहायला हवं. आमची अडचण भाजकात होती. ठेकेदाराच्या कामगारांचे तास आम्ही मंजूर संख्येला रोजचे ८ तास आणि महिन्याचे २६ दिवस यांनी गुणून काढत होतो. ३०० मंजूर असतील तर महिन्याला ६२,४०० तास. फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रात मात्र रोज प्रत्यक्षात आलेली माणसं बरीच कमी होती. भाजक फुगलेला, म्हणून दर लहान.

आणि मग अंश. मॅडमनी प्रथमोपचार खोलीचं रजिस्टर घेतलं, हजेरीपत्रक शेजारी ठेवलं आणि एकेक नाव जुळवत गेल्या. एका ठेकेदाराच्या कामगाराची दोन बोटं प्रेसजवळ चेमटली होती. रजिस्टरमध्ये मलमपट्टी करून पाठवल्याची नोंद होती. पुढचे तीन दिवस हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे रजा होती. आमच्या अपघातांच्या यादीत तो नव्हता. शाश्वतता अहवालांसाठी निकष ठरवणाऱ्या जीआरआय या संस्थेच्या २०१८ च्या निकषात स्पष्ट आहे, की कामावरच्या दुखापतीमुळे कामावर येता आलं नाही तर ती नोंदवायची दुखापत, आणि तुमच्या ताब्यातल्या जागेवर काम करणारा माणूस ठेकेदाराचा असला तरी तो मोजायचा. मी त्या कामगाराला भेटले. त्याला यादीबद्दल काही माहीत नव्हतं. रजेचे दिवस आपल्याच खात्यातून गेले, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते त्याला भरून दिले गेले आणि त्या प्रेसच्या जाळीचं काम त्याच आठवड्यात झालं. नोंद झाली नसती तर जाळीकडे कुणी गेलं असतं का, हा विचार मला अजून सोडत नाही.

स्कोप ३ बद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आम्ही अजून कच्चे आहोत. २०११ च्या मानकात त्याचे १५ प्रकार आहेत. आम्ही त्यांपैकी सहा मोजतो. खरेदी केलेल्या मालाचं उत्सर्जन आम्ही खर्चाला गुणांक लावून काढायचो. त्यातला दोष असा, की माल तेवढाच आणि भाव वाढला तरी उत्सर्जन वाढलेलं दिसतं आणि स्वस्तात सौदा झाला की पर्यावरणाचं भलं झाल्यासारखं वाटतं. आता सर्वांत जास्त घेतला जाणारा पोलाद आणि प्लॅस्टिकचा माल आम्ही टनांवर नेला आहे. बाकी अंदाज आहेत आणि ते अंदाज आहेत असं अहवालात प्रत्येक ओळीशेजारी लिहिलं आहे.

शेवटी मिळणाऱ्या पत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते वाचताना बहुतेक जण फसतात. पडताळणीचे दोन स्तर असतात. मर्यादित खात्रीच्या पत्रात भाषा नकारार्थी असते: आम्ही केलेल्या कामावरून, हे आकडे निकषांप्रमाणे तयार केलेले नाहीत असं वाटावं असं काही आमच्या नजरेस आलं नाही. वाजवी खात्रीच्या पत्रात होकारार्थी मत असतं, आकडे सर्व महत्त्वाच्या बाबतीत निकषांप्रमाणे आहेत, आणि त्यासाठी तपासणी कितीतरी खोल जावी लागते. आमचं पत्र आयएसएई ३००० आणि हरितगृह वायूंसाठी आयएसएई ३४१० या पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार होतं. स्कोप १ आणि स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन) यांसाठी वाजवी खात्री, बाकीच्यांसाठी मर्यादित. कुठल्या आकड्याला कुठली खात्री हे पत्रात तक्ता करून दिलेलं असतं. तो तक्ता न वाचता "अहवाल तपासलेला आहे" असं म्हणणं बरोबर नाही. खुद्द शाश्वततेच्या माहितीसाठीच बनवलेलं आयएसएसए ५००० हे नवं मानक २०२४ मध्ये आलं आहे आणि १५ डिसेंबर २०२६ पासून किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींना ते लागू होईल. आमचं पुढचं काम त्याच्या तयारीचं आहे.

पत्रावर सही होण्याआधी आमच्या व्यवस्थापनालाही एक पत्र द्यावं लागलं, की माहिती आम्ही पूर्ण दिली आहे, काही दडवलेलं नाही. ते टाइप करताना मला प्रथमोपचाराचं रजिस्टर आठवत होतं.

मागच्या वर्षांचे आकडेही बदलले. थंड करणाऱ्या वायूंचं शून्य होतं तिथे आता किलो आणि टन आहेत आणि खाली टीप आहे: देखभालीच्या नोंदी तपासल्यावर मागील तीन वर्षांचे आकडे सुधारले आहेत. आमचं उत्सर्जन त्यामुळे वाढलेलं दिसतं. एका ग्राहकाने फोन करून विचारलं, की असं का झालं. मी त्यांना सर्व्हिस रिपोर्टांपासून सगळं सांगितलं, टिपणाची प्रत पाठवली. त्यांनी आमच्याकडून त्याचा नमुना मागून घेतला, त्यांच्या इतर पुरवठादारांना द्यायला.

पॅनेलच्या दारावरचं जुनं स्टिकर काकांनी खरवडून काढलं. नव्यावर गुणकासोबत सीटीचा नंबर आणि बदलल्याची तारीख लिहिली आहे आणि त्याचा फोटो माझ्या फोल्डरमध्ये आहे. इलेक्ट्रिकल विभागाच्या बदलाच्या फॉर्मवर आता माझ्या सहीची एक चौकट आहे. गेल्या महिन्यात छोट्या प्लांटमध्ये पाण्याचा मीटर बदलायचा होता, तेव्हा तो फॉर्म पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग त्यात लिहायचं राहिलं होतं. मी फोन केला, त्यांनी स्टोअरमधून काढलेला मीटर शोधला आणि रीडिंग वाचून सांगितलं.